सिवाची भाषा आडबाजूला राहिली म्हणून टिकली का?

पाणवठा

इजिप्तच्या नकाशावर नाईलपासून पश्चिमेला सरकत गेलं की लिबियाच्या हद्दीच्या सुमारे ५० किमी अलीकडे सिवा लागतं. कैरोहून सरळ रेषेत साडेपाचशे किमी. जवळचं मोठं गाव म्हणावं तर भूमध्य समुद्राकाठचं मर्सा मत्रूह, तेही ३०० किमी उत्तरेला. मधल्या वाटेवर खडकाळ सपाटी सोडली तर काही नाही. मग जमीन खाली उतरते, समुद्रसपाटीच्याही १८-१९ मीटर खाली, आणि खजुराच्या नि ऑलिव्हच्या बागा, खाऱ्या पाण्याची सरोवरं आणि मधोमध शाली नावाच्या जुन्या गढीचे ढासळलेले मातकट मनोरे दिसू लागतात. फोटोंमुळे एवढं आता पुष्कळांना माहीत असतं. मला लिहायचंय ते त्या गावात जे बोललं जातं त्याबद्दल.

सिवाची भाषा अरबी नाही, अरबीची बोलीही नाही. बाहेरचे लोक ज्यांना बर्बर म्हणतात त्या अमाझीग भाषांपैकी ती एक आहे. मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरांपासून पसरलेल्या या कुळाचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक म्हणजे सिवा. अख्ख्या इजिप्तमध्ये ती फक्त इथे, आणि कत्तारा खोलगटाच्या कडेला असलेल्या गारा नावाच्या छोट्या मरुद्यानात बोलतात. बोलणाऱ्यांच्या संख्येचे अंदाज १५,००० ते ३०,००० असे वेगवेगळे आहेत. युनेस्कोच्या यादीत ती धोक्यातली भाषा म्हणून नोंदलेली आहे.

ती टिकली कशी, याचं उत्तर प्रत्येक प्रवासवर्णनात एकच मिळतं: गाव फार लांब, वाळवंटाच्या पोटात, कोणी तिथवर पोचलंच नाही, म्हणून भाषा राहिली. मला हे उत्तर पटत नाही. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, सिवा कधीच बंद गाव नव्हतं. इथल्या अमून या प्राचीन इजिप्शियन देवाच्या देवळातला कौल भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर प्रसिद्ध होता. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडर वाट वाकडी करून तो कौल घ्यायला आला. अघुर्मीच्या टेकडीवर ते देऊळ अजून उभं आहे, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. नंतर मगरिबातून, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातून, मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे नि व्यापाऱ्यांचे तांडे इथे पाणी भरत. खजूर विकत घ्यायला बेदू, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, दरवर्षी उंट घेऊन येत, कारण सिवाचा खजूर नावाजलेला. खजूर देऊन धान्य घ्यायचं, हा गावाचा पोटापाण्याचा व्यवहार. हा सगळा व्यवहार अरबीतच चालणार. म्हणजे सिवाचे पुरुष कित्येक शतकं अरबी बोलत आले आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच पश्चिम वाळवंटात बहारिया, फराफ्रा, दाखला, खार्गा अशी आणखी मरुद्यानं आहेत. तीही लांबच होती, तिथेही उंटावरून जायला दिवसच्या दिवस लागत. आज तिथे सगळीकडे अरबीच बोलतात. लिबियातल्या सोकनाची अमाझीग भाषा गेली. लिबियातलंच औजिला सिवापेक्षा काही कमी आडबाजूला नाही, तरी तिथली भाषा आता अगदी थोड्या तोंडांत उरली आहे. अंतरच राखणदार असतं तर या गावांच्या भाषा का गेल्या?

माझं मत असं की सिवाची भाषा गावाच्या आतल्या रचनेने टिकवली. लग्नं गावातच. जमीन आणि पाण्याचे हिस्से गावातल्या कुळांकडे. स्थानिक हस्तलिखित इतिहासात लिहिलंय की १२०३ मध्ये हल्ल्यांना कंटाळून उरलेले चाळीस पुरुष अघुर्मी सोडून दुसऱ्या टेकडीवर आले आणि त्यांनी शाली बांधली. त्यानंतर कित्येक शतकं अख्खं गाव त्या एका तटबंदीच्या आत, एकावर एक चढवलेल्या मजल्यांत, भिंतीला भिंत लावून राहिलं. कुटुंब वाढलं की घर वरच्या बाजूला वाढायचं. परका व्यापारी येई, सौदा करी, जाई. तटाच्या आत, बायकांच्या बोलण्यात, मुलांच्या खेळात अरबीला शिरायला जागा नव्हती.

१९२६ साली सलग तीन दिवस पाऊस झाला आणि शाली राहण्याजोगी उरली नाही. तिथलं बांधकाम कर्शीफचं, म्हणजे सरोवराकाठच्या खारट मातीच्या ढेकळांचं. मिठाने बांधलेली भिंत उन्हात दगडासारखी होते आणि पावसात विरघळते. लोक खाली सपाटीवर घरं बांधून राहायला आले, हळूहळू सिमेंट आलं, १९८०च्या दशकात मत्रूहपासून डांबरी रस्ता आला. भाषा मात्र अजून घरात आहे. सिवी कुटुंबातलं मूल आजही पहिली भाषा म्हणून सिवीच शिकतं.

इथल्या भाषाप्रेमींची मतं वाचायला आवडतील.

---

शेवंती

फार आवडला लेख. मला वाटायचं इजिप्तमध्ये सगळीकडे अरबी, फार तर दक्षिणेला नूबियन. एक विचारू का? ही मग प्राचीन इजिप्तचीच भाषा का? अलेक्झांडरला कौल देणारे पुजारी हेच बोलत असतील?

---

पाणवठा

शेवंती, प्राचीन इजिप्तची भाषा वेगळी. तिचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक, जे अजून तिथल्या चर्चमधल्या प्रार्थनांत ऐकू येतं. अमाझीग भाषा तिच्या दूरच्या नातलग, एवढंच.

अलेक्झांडरच्या वेळी सिवात काय बोलत, याचा एक धागा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात त्याने लिहिलं की अमूनचे हे लोक इजिप्शियन आणि इथिओपियन वसाहतकऱ्यांचे वंशज आहेत आणि दोन्हींच्या मधली भाषा बोलतात. त्यावरून आजची सिवी थेट तीच, असं म्हणायला आधार नाही. उलट तिची जवळीक पश्चिम लिबियातल्या सोकना आणि नफूसा भागातल्या बोलींशी जास्त आहे. त्यामुळे ही भाषा मध्ययुगात पश्चिमेकडून आलेल्या लोकांबरोबर इथे आली असावी, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. पंधराव्या शतकात इजिप्तचा इतिहासकार अल-मक्रीझी याने मात्र स्पष्टच नोंदवलं आहे की इथले लोक बर्बर आहेत, त्यांच्या भाषेला सिवी म्हणतात आणि ती झनाता या दुसऱ्या बर्बर लोकांच्या भाषेसारखी आहे. म्हणजे किमान तेव्हापासून ती इथे नांदते आहे.

---

गोरखचिंच

+१. उत्तम धागा. बाकीचे प्रतिसाद वाचत राहीन.

---

आडवाट

लेख माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी असहमत. अंतर तुम्ही फारच हलक्याने घेतलंत.

१८२० मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याच्या फौजेने सिवा जिंकलं, तोवर कैरोचा अंमल तिथे नव्हताच. त्यानंतरही करवसुलीपलीकडे सरकार तिथे फारसं नव्हतं. सरकार नाही म्हणजे सरकारी शाळा नाही, कचेरी नाही, बदलून आलेला अंमलदार नाही, सैन्यात भरती नाही. भाषा बदलतात त्या याच दारांतून. ही दारं बंद राहिली ती ३०० किमी वाळवंटामुळेच. गावातल्या गावात लग्नं हीसुद्धा अंतराचीच परिणती. शेजारी गावच नसेल तर सोयरीक कुठे करणार? तुम्ही ज्याला आतली रचना म्हणता, ती बाहेरच्या भूगोलानेच घडवलेली आहे.

बहारियाचं उदाहरण मला उलट वाटतं. बहारिया, खार्गा, दाखला नाईलच्या खोऱ्याला जवळ. तिथे नाईलकाठचे शेतकरी शतकानुशतकं येऊन वसत राहिले. सिवा त्यांच्यापासून सगळ्यात लांब. म्हणजे परत अंतरच.

---

पाणवठा

आडवाट, मुद्दा वजनदार आहे. खार्गा-दाखलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तिथे नाईलकडचा ओघ मोठा होता. पण औजिलाला हे लागू पडत नाही. ते नाईलपासून सिवापेक्षाही लांब. तिथली भाषा का आटली, हे तुमच्या मांडणीतून सुटत नाही. औजिला कारवानी व्यापाराचं मोठं ठाणं होतं, तिथले पुरुष आफ्रिकाभर व्यापाराला फिरत. सिवाचा माणूस बागाईतदार. त्याचं जगणं झाडाखाली, पाटापाशी. व्यापारी गाव आणि बागाईतदार गाव यांच्या भाषांचं नशीब वेगळं निघतं, असं मला वाटतं.

---

दर्यावर्दी

माझं आजोळ रेवदंड्याजवळ, म्हणून हा प्रतिसाद. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक क्रिओल भाषा बोलतात, हजाराच्या आसपास माणसं. पोर्तुगीज इथून १७४०च्या सुमारास गेले, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं ही भाषा मूळ भाषेच्या आधाराशिवाय उभी आहे. आणि कोर्लई कुठे वाळवंटात आहे? खाडीपलीकडे रेवदंडा, अलिबागची एसटी, मासळीचा बाजार, सगळं मराठीत. तरी टिकली, कारण वस्तीचा धर्म वेगळा, लग्नं आपसात, घरं एकमेकांना लागून.

तेव्हा पाणवठा यांच्या म्हणण्याला हा आपल्याकडचा दाखला. अंतर मैलात मोजायची गरज नसते, वस्तीभोवतीची रेघ कुठे आहे ते बघायला हवं. मराठीचा परिणाम मात्र झालाच. वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, पोर्तुगीजमध्ये येत नाही. सिवीवर अरबीचा असा परिणाम झालाय का?

---

पाणवठा

दर्यावर्दी, कोर्लईचा दाखला अगदी नेमका. आणि हो, सिवीवर अरबीचा परिणाम पुष्कळ खोलवर आहे. आकड्यांपासूनच बघा: एक आणि दोन हे दोनच आकडे अमाझीग उरलेत, तीनपासून पुढे सगळे अरबी. शब्द तर शेकड्यांनी घेतलेत. पण मला थक्क करते ती वेगळी गोष्ट. अरबीत विशेषणाचं तुलनेचं रूप, म्हणजे अधिक मोठा, अधिक लांब, हे शब्दाच्या आतला स्वरांचा साचा बदलून करतात. सिवीने तो साचाच उचलला आणि तो स्वतःच्या मूळ अमाझीग विशेषणांनाही लावला. शब्द उसने घेणं कुठेही घडतं. शब्द घडवायची रीत उसनी घ्यायला दोन्ही भाषा जिभेवर पिढ्यान् पिढ्या खेळाव्या लागतात.

आडवाट, हा माझा तिसरा पुरावा समजा. संपर्कच नसता तर हे झालं नसतं. शिवाय सिवीतले कित्येक अरबी शब्द आज आसपास राहणाऱ्या बेदूंच्या अरबीशी जुळत नाहीत, ते आणखी जुन्या अरबीतून आलेले आहेत. म्हणजे अरबी इथे फार पूर्वी पोचली, घरोब्याची झाली, तरी सिवीची जागा तिने घेतली नाही.

---

तळेगावकरीण

भाषेच्या आतलं अजून थोडं लिहा ना. व्याकरण वाचायला मला मनापासून आवडतं.

---

पाणवठा

तळेगावकरीण, आनंदाने.

एक: सिवीत नाम निश्चित की अनिश्चित, हे आघाताच्या जागेवरून कळतं. तेच नाम, आघात शेवटच्या अवयवावर, म्हणजे अक्षरावर, दिला तर "एक कुठलंतरी", अलीकडच्या अवयवावर दिला तर "ते ठरलेलं". इंग्रजी 'द'सारखं वेगळं उपपद नाही, प्रत्यय नाही, फक्त जोर सरकतो. बाकीच्या अमाझीग भाषांमध्ये हे असं सापडत नाही.

दोन, आणि हे माझं सगळ्यात लाडकं: सिवीत "ते तिथलं" असं दाखवताना दर्शक सर्वनामाचं रूप ज्याच्याशी बोलताय त्याप्रमाणे बदलतं. समोर पुरुष असेल तर एक, बाई असेल तर दुसरं, पुष्कळ जण असतील तर तिसरं. वस्तू तीच, खजुराचं झाड असो की गाढव. आपल्याकडे "तू जातोस" आणि "तू जातेस" यात ऐकणाऱ्याचं लिंग क्रियापदात येतं, पण तिथे निदान कर्ता ऐकणाराच असतो. सिवीत ऐकणाऱ्याचा त्या वस्तूशी काही संबंध नसला तरी तो शब्दात उमटतो. जगातल्या फार थोड्या भाषांत हे आढळतं. हे गेलं तर माणसाची भाषा काय काय करू शकते, याचा एक नमुनाच जाईल. म्हणून मला सिवीची इतकी काळजी वाटते.

---

तळेगावकरीण

कमाल आहे! घरात हे सहज बोलणाऱ्या मुलांना शाळेत काय शिकवतात?

---

पाणवठा

शाळेत सगळं अरबीत. सिवी शिकवली जात नाही, तिला कुठलाही अधिकृत दर्जा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशांत गेल्या काही वर्षांत बरंच बदललं. मोरोक्कोने २०११ मध्ये आणि अल्जीरियाने २०१६ मध्ये अमाझीगला अधिकृत भाषा केलं, मोरोक्कोत ती तिफिनाघ या तिच्या स्वतःच्या लिपीत शाळेत आली. सिवाला त्याचा उपयोग नाही, कारण देश वेगळा. तरुण मुलं फोनवर आपसात सिवी लिहितात ती अरबी अक्षरांत, ज्याला जशी सुचेल तशी.

---

माळरान

अल्जीरियाचं नाव निघालंच आहे तर तबेलबालाबद्दलही लिहितो. नैऋत्य अल्जीरियातलं हे छोटं मरुद्यान. इथली कोरांजे भाषा अरबी नाही आणि मुळात अमाझीगही नाही. ती सोंघाई आहे, म्हणजे वाळवंटापलीकडे माली-नायजरमध्ये, टिंबक्टू आणि गाओकडे नायजर नदीकाठी बोलतात त्या कुळातली. शेकडो किलोमीटर वाळू ओलांडून एक भाषा उत्तरेला येऊन थांबली आहे. कारवानांच्या काळात आलेल्या लोकांची ती खूण. शब्दसंपत्तीत आता अमाझीग आणि अरबीची इतकी भर पडली आहे की मूळ सोंघाई शब्द थोडेच उरलेत. बोलणारे तीनेक हजार.

तिथे जे घडलं ते ऐकून मन खट्टू होतं. गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळ आईबापांनी ठरवून मुलांशी अरबीत बोलायला सुरुवात केली, शाळेत मूल अडू नये म्हणून. कोणी बंदी घातली नाही, कोणी मारलं नाही. लेकरांच्या भल्याचाच विचार होता. आडवाट आणि पाणवठा, तुमच्या वादात याची भर घाला: इतकी शतकं अंतर आणि रचना दोन्ही होतं, तरी एका शाळेने पारडं फिरवलं.

---

आडवाट

माळरान, तुमचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा आहे. सरकार पोचलं, शाळा पोचली, भाषा ढळली.

---

माळरान

पण सिवातही शाळा आहे, रस्ता आहे, आणि मुलं अजून सिवी बोलतात. म्हणून मी कुणाच्याच बाजूने लिहिलं नाही.

---

गोरखचिंच

मी भूजलावर काम करतो, म्हणून आतापर्यंत नुसतं वाचत होतो. पाणवठा यांनी बागाईतदार गाव म्हटलं तिथे मला बोलावंसं वाटलं.

सिवाचं पाणी नूबियन वालुकाश्माच्या भूजलसाठ्यातलं. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड अशा चार देशांखाली पसरलेला, सुमारे २० लाख चौरस किमीचा हा साठा. सहारा हिरवं होतं त्या काळात मुरलेलं हे पाणी आहे, आज पडणाऱ्या पावसाने त्यात भर पडत नाही. सिवात ते झऱ्यांतून आपसूक वर येतं. पूर्वी झऱ्याचं पाणी पाळीपाळीने, हिशेबाने वाटलं जाई. गेल्या काही दशकांत विंधनविहिरी झाल्या, हव्या तेवढ्या आणि नको तेवढ्याही, आणि पाणी बेसुमार वाहू लागलं.

गावाचा भूगोल आठवा. ही बशी समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिला बाहेर जायला वाट नाही. बागेतून झिरपलेलं पाणी सरोवरात जातं, उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. सरोवरं फुगली, भूजल वर आलं, खजुराची मुळं खाऱ्या पाण्यात सडू लागली. लोकांना वाळवंटातल्या गावाचं दुखणं म्हणजे पाण्याची टंचाई वाटते. सिवाचं दुखणं जास्त पाण्याचं आहे. उपाय माहीत आहेत: नको त्या विहिरी बुजवणं, उरलेल्यांना झडपा बसवणं, जादाचं पाणी चर खणून दूरच्या खोलगटात नेणं. त्यावर कामंही झाली आहेत. २०१६ मध्ये अन्न आणि कृषी संघटनेने सिवाच्या खजूरशेतीला जागतिक कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता चांगली, पण मुळांशी खारं पाणी उभं असेल तर झाड वाचत नाही.

भाषेतलं मला फारसं कळत नाही. बाग खारावली तर तरुण मत्रूहला किंवा अलेक्झांड्रियाला कामाला जाणार, एवढं कळतं.

---

पाणवठा

गोरखचिंच, मनापासून आभार. लेखात जे यायला हवं होतं ते तुम्ही आणलंत. बाग, पाण्याची पाळी, झऱ्यांची नावं, खजुराच्या जाती, फळ पिकण्याचे टप्पे, या सगळ्यासाठीचा शब्दसाठा सिवीत आहे आणि तो बागेत काम करतानाच पुढच्या पिढीला मिळतो. हॉटेलात किंवा सफारीच्या गाडीवर काम करणारा मुलगा घरी सिवी बोलेल, पण हे शब्द त्याच्याकडे कुठून येणार? आडवाट यांच्या सरकारपेक्षा आणि माळरान यांच्या शाळेपेक्षाही मला आता ही विहिरींची गोष्ट जास्त भिववते.

---

आडवाट

इथे आपलं एकमत. अंतराचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण पुढच्या काळापुरता तुमचा मुद्दा मोठा आहे.

---

शेवंती

आम्ही दोघी मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये इजिप्तला जायचा विचार करतोय. सिवाचा काहीतरी उत्सव असतो ना तेव्हा? बायकांना जाता येतं का?

---

पाणवठा

हो, सियाहा. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला, दक्रूर डोंगराच्या पायथ्याशी, तीन दिवस. सिवात पूर्वेकडची कुळं आणि पश्चिमेकडची कुळं यांच्यात पूर्वी जीवघेणी भांडणं होत. ती मिटवण्यासाठी एका सूफी शेखने हा मेळा सुरू केला असं सांगतात. गावातले पुरुष तीन दिवस तिथेच राहतात, एकत्र रांधतात, मोठ्या थाळ्यांतून एकत्र जेवतात, रात्री झिक्र, म्हणजे देवाच्या नावाचा सामूहिक जप, चालतो. वर्षभराचे तंटे तिथे मिटवायचे असा रिवाज.

गावातल्या मोठ्या बायका तिथे येत नाहीत, लहान मुली येतात. परदेशी पाहुण्या बायका जातात, जेवायलाही आग्रहाने बसवतात. अंगभर कपडे घाला, झऱ्यात उतरायचं असेल तर स्थानिकांना विचारून आडोशाची जागा निवडा. गाढवगाडीवरून निळ्याशार चादरीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या बायका जाताना दिसतील, त्यांचे फोटो काढू नका. सीमेजवळचा भाग आहे, वाळवंटात आत जायला परवाना लागतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. कैरोहून बस आहे, रात्रभर लागते. मत्रूहला एक मुक्काम केलात तर प्रवास सुसह्य होईल.

---

शेवंती

धन्यवाद! तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोप करते.